चौथी नळी

१

साबणाच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. नवरा हवेच्या लाइनचा मिस्त्री, म्हणून ही वहिनी. मग मिस्त्री गेला आणि वहिनी तेवढी उरली. काम दोघांचं होतं, ते आता एकटीचं झालं. बाटल्या ढकलणारे, बुचं दाबणारे, फाटकं उघडणारे दट्टे ज्या हवेवर चालतात ती हवा कुणाला कधी सोडायची, हे ठरवणारे मुठीएवढे व्हॉल्व्ह असतात. ते ती दुरुस्त करायची. वीज आली की कॉइल आतला दांडा ओढते, टक्कन वाट उघडते, हवा पुढे जाते. वीज गेली की स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते आणि नळीतली हवा फुस्स करून बाहेर पडते. सांगायला इतकं सोपं, पण हे टक् नि फुस्स बिघडलं की अख्खी लाइन तोंड पाडून उभी राहते आणि सुपरवायझरच्या तोंडाला फेस येतो.

त्या दिवशी तो व्हॉल्व्ह हातात घेऊनच आला.

"वहिनी, जुन्या शेडचा चौथा परत बसला."

"बसला म्हणजे? परवाच तर उठवून दिला होता."

"मग कंबर धरली असेल बिचाऱ्याची. बरं, स्वतः गळतो ते गळतो, पट्टीवरच्या सगळ्यांचा दाब खातो. फाटक अर्ध्यात अडकतं नि बाटल्या आडव्या. याला काम ना धंदा, बूच मारून मोकळे होऊ या का?"

"बूच मारलं तर दुखणं कळणार कसं? ठेवा इथं."

व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी उघडावा, असं तिचा नवरा सांगायचा. लोक आधी त्यालाच फाडतात आणि दोष निघतो भलतीकडेच. चोर सोडून संन्याशाला सुळी. तिने कॉइलला वीज दिली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जवळ नेलं. टोक खेचलं गेलं, म्हणजे कॉइल ठणठणीत. हाताने चालवायचं बारीक बटण नखाने दाबलं, तर दांडा कुरकुर करत उशिरा सरकला. तेव्हा मात्र तिने तो उघडला. आतलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालं होतं. पाणी शिरलं की होतं तसं.

पाणी म्हटलं की सगळे कॉम्प्रेसरकडे बोट दाखवतात. तिने जाऊन पाणी साठायची वाटी पाहिली, ती कोरडी. शेजारचा तिसरा व्हॉल्व्ह उघडला, पाचवा उघडला, दोन्ही कोरडे. एका पट्टीवर मांडीला मांडी लावून बसलेले, एकच हवा पिणारे, आणि पाणी फक्त मधल्याच्याच पोटात? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे पाणी हवेबरोबर आलंच नव्हतं. ते उलटं आलं होतं, नळीच्या दुसऱ्या टोकाकडून.

आणि चौथ्याची नळी भिंतीतून पलीकडच्या जुन्या शेडमध्ये जात होती. तिथे आता काही म्हणजे काही नव्हतं.

२

जुन्या शेडमध्ये पूर्वी लहान बाटल्यांची लाइन होती. ती पुन्हा चालू करायचं ठरलं, तेव्हा तिकडे जाणाऱ्या सहा नळ्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच्या उडून गेल्या होत्या. कुठली नळी कुठल्या व्हॉल्व्हची, कुणाला पत्ता नाही. अशा वेळची त्या दोघांची एक रीत होती. तो पलीकडे जाऊन एक नळी दातात धरायचा आणि एक लांब फुंकर मारायचा. ही अलीकडे एकेक टोक गालाला लावत जायची. बोटं कामाने राठ झालेली, त्यांना काही कळत नाही. गालाला कळतं. फुंकर लागली की हिने चिठ्ठी बांधायची आणि उलट एक फुंकर मारायची. म्हणजे, मिळाली, पुढची घे. दोन आखूड फुंकरा म्हणजे, थांब, हात काढ.

"लग्नाआधी हा फोन सुचला असता," तो म्हणायचा, "तर तुझ्या बापाला पत्ताही लागला नसता."

सहावी झाली की तो मधल्या दाराशी यायचा. हात काळे, म्हणून बुटाने दार खाली ठोकायचा आणि ओरडायचा, "उघडा वस्ताद, चहा!" हिचे कान त्याच्याहून तिखट, म्हणून ही वस्ताद. कडी हिच्या बाजूला होती.

त्या दिवशी तीन नळ्या झाल्या. चौथीची फुंकर आलीच नाही. उरलेली टोकं ती फिरून फिरून गालाला लावत राहिली. शेवटी वैतागली आणि एका नळीत तोंड घालून म्हणाली, "अहो, झोपलात की काय?"

तो पलीकडे लादीवर पडला होता, नळी दातात तशीच. डॉक्टर म्हणाले, हृदय, एका झटक्यात, कळलंसुद्धा नसेल. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. त्या सोन्याला आग लागो, असं तिला वाटायचं. एवढा संसार केला आणि शेवटी काय, तर झोपलात की काय. त्यावर त्याचं उत्तर नाही, निरोप नाही, साधा हुंकार नाही. तिला बाकी काही नको होतं. एकदाच त्याच्याकडून काहीतरी उत्तर यावं, एवढ्यासाठी तिचा जीव टांगून राहिला होता.

लाइन चालू करायचं पुढे बारगळलं. नळ्या पट्टीवर खोचून तशाच ठेवल्या, त्याच्या दातात होती ती चौथ्या व्हॉल्व्हवर.

३

साप्ताहिक सुट्टीला कॉम्प्रेसर बंद असतो, म्हणून असली कामं ती त्या दिवशी करायची. भर दुपार होती. एरवी कान किटवणारी जागा इतकी गप्प, की तापलेल्या पत्र्याची कुरकुर ऐकू येत होती. तिने चौथा व्हॉल्व्ह पट्टीवर बसवला, नळी खोचली. कॉइलची वायर अजून जोडायची होती.

व्हॉल्व्ह हळूच फुस्स बोलला.

तिने दाबाच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा तळाला. लाइनमध्ये हवा नाही, कॉइलला वीज नाही, मग हा कुणाच्या जिवावर बोलतो? तो पुन्हा बोलला. हवा पट्टीकडून येत नव्हती. ती नळीकडून व्हॉल्व्हमध्ये येत होती आणि बाहेर पडायच्या भोकातून निघून जात होती.

तिने नळी उपसून काढली आणि सवयीने गालाला लावली.

पत्रा तापला, नळीतली हवा फुगली, वाट मिळाली तशी बाहेर आली. कारण चांगलं होतं. तिने ते स्वतःला नीट समजावून सांगितलं. पण फुगलेली हवा हळूहळू येते आणि येतच राहते. ही आली, लांब, मग थांबली. छाती भरून घ्यायला लागतो तेवढा वेळ थांबली आणि पुन्हा आली. कॉम्प्रेसरची हवा गार नि कोरडी असते. ही कोमट होती, ओलसर होती, आणि हिला लवंगेचा वास होता. त्याची दाढ दुखायची. डॉक्टरकडे जा म्हटलं की गालात लवंग धरून हसायचा.

ती खाली बसली. नळी ओठांशी नेली, उलट फुंकर मारायला गाल फुगवलेसुद्धा, आणि तशीच थांबली. उलट फुंकर म्हणजे मिळाली, पुढची घे. ती दिली तर तो ही नळी सोडून देईल.

तिने उत्तर दिलं नाही. नळी गालाला लावून ती ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिली आणि पोटभर रडली.

४

मिस्त्रीची बायको आणि स्वतःही मिस्त्री. दुसरं टोक पाहिल्याशिवाय ती थोडीच राहणार? पुढच्या सुट्टीला तिने मधल्या दाराची कडी काढली.

शेड रिकामी. छपराच्या काचांतून पांढरा उजेड खाली पडला होता. लादीत यंत्रांच्या बोल्टांची भोकं तेवढी उरली होती, आणि सगळीकडे धूळ. धुळीत पावलं उमटली ती तिचीच, दारापासून इथवर. भिंतीच्या आकड्याला सहा नळ्या अडकवलेल्या. पाच नळ्यांच्या तोंडाशी कोळ्याची जाळी नि धूळ. चौथीचं तोंड स्वच्छ होतं, नुकतं पुसल्यासारखं. त्यावर दातांच्या खुणा होत्या. त्या जुन्या असतील, तिने मनाशी म्हटलं. पण खुणांमधे पाणी होतं. तिने नळी उचलली तसा एक थेंब तिच्या मनगटावर पडला. कोमट.

इथे उभं राहून कुणी फुंकत नव्हतं. तिने ते टोक कानाला लावलं. का लावलं, देव जाणे. बराच वेळ काही नाही. मग आतून, भिंतीच्या पलीकडून, तिच्याच जागेवरून, एका बाईचा बारीक, वैतागलेला आवाज आला.

"अहो, झोपलात की काय?"

नळी तिच्या हातातून निसटली. कान वाजतात माणसाचे, उपाशी पोटी तर फारच, असं पुटपुटत ती दाराकडे चालत आली, पळाली नाही. कडी लावली. भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिला आतून पिळत होतं. त्याच्या कानांत अजून ती खेकसतेच आहे. आणि तो बापडा अजून उत्तरच देतो आहे.

५

ती दर सुट्टीला जायला लागली. चौथा व्हॉल्व्ह ओला होई, ती उघडी, पुशी, रबरी कड्या बदली, नवं ग्रीस लावी, परत बसवी. बूच मारत नव्हती. सुपरवायझरला सांगायची, "सापडेल दोष, जरा दम धरा."

घरी थोरली नणंद असायची. भाऊ गेल्यावर सोबतीला म्हणून आली ती राहूनच गेली. एकदा ताट वाढता वाढता ती थांबली.

"खरं सांग. तू तिकडे कामाला जातेस, की त्याला भेटायला?"

"काहीतरीच काय बोलता, ताई."

"येतेस तेव्हा एकच गाल लाल असतो तुझा. मी बहीण आहे त्याची. मला तुझ्यापेक्षा कमी आठवण येत नाही. पण जाणाऱ्याचा हात धरून ठेवला तर त्याचाही हात दुखतो गं."

तिने घास गिळला. पण ते वाक्य तिच्या काळजाला जाऊन लागलं.

त्याच आठवड्यात सुपरवायझरने सांगितलं, जुनी शेड पाडायची. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माणसं येणार. "पलीकडे जाणाऱ्या नळ्या तेवढ्या तुम्ही बघून कापा, वहिनी. चालू नळीला कात्री लागली तर पंचाईत."

म्हणजे शेवटची एकच सुट्टी उरली. नळी तशीच कापली, तर तो तिथल्या तिथे राहणार, कानात तिचं ते खेकसणं घेऊन, कायमचा. उत्तर द्यायलाच हवं होतं. पण मन मोठं हावरं. चौथी झाली की पाचवी, पाचवी झाली की सहावी, आणि सहावी झाली की तो कुठे यायचा? दाराशी यायचा. एकदा हे मनात आलं, मग तिला दुसरं काही सुचेना.

६

त्या दुपारी तिने चौथी नळी गालाला लावली. तो होता. लांब, कोमट, लवंगेची फुंकर. तिने डोळे मिटले आणि उलट फुंकर मारली.

मिळाली, पुढची घ्या.

मग सगळं गप्प झालं. पत्र्याचीसुद्धा कुरकुर थांबली. तिने पाचवी उपसून गालाला लावली आणि हवा आली. जोरात आली. गार होती, कोरडी होती, वास नव्हता. लांबून आली, गार झाली असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि उलट फुंकर मारली. सहावी तर गालापर्यंत पोचायच्या आतच सुरू झाली आणि थांबेना. कुणाच्या छातीत एवढी हवा मावत नाही. तिचा हात क्षणभर अडला. पण हवा आली म्हणजे नळी मिळाली, एवढंच ती आयुष्यभर पाहत आली होती. हवा कुणाची, हे आजवर कधी विचारावं लागलं नव्हतं. तिने फुंकर मारली.

पलीकडे पावलं वाजली. एका पायावर किंचित जोर देत चालणारी, तीच. दाराशी येऊन थांबली. दाराला खाली बुटाचं टोक लागलं.

"उघड गं."

त्याचा आवाज. रडत, हसत, "आले, आले हो!" म्हणत ती धावली. तिने कडीला हात घातला.

मागे पट्टीपाशी लोंबणारी चौथी नळी बोलली. फुस्, फुस्. दोन आखूड. जरा थांबून पुन्हा दोन आखूड.

मनाला कळायच्या आत तिचा हात कडीवरून निघाला होता. इतक्या वर्षांची सवय, हात काढ म्हटलं की हात निघतोच. ती मागे आली, नळी गालाला लावली. कोमट, ओली, लवंगेची. तो अजून चौथीवरच होता. त्याने ती सोडलीच नव्हती.

"उघड गं," दाराबाहेर तोच आवाज म्हणाला.

दाराशी येऊन तो कधी उघड गं म्हणाला नव्हता. तिने दाराखालच्या फटीकडे पाहिलं. पलीकडच्या उजेडाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. दार पुन्हा खालून हललं, बूट लागावा तसं, आणि पट्टी सलगच राहिली. तिथे पाय नव्हते. मग कडीच्या भोकातून गार, कोरडी हवा आत यायला लागली, एक लांब, न संपणारी फुंकर. ती उत्तर मागत होती. तिचे ओठ आपोआप गोल झाले, उत्तर द्यायला. तिने दोन्ही तळहातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं.

आणि नळी सांगतच होती. दोन आखूड. दोन आखूड. थांब म्हणणाऱ्याने समोरचा सुखरूप दिसेपर्यंत थांब म्हणत राहायचं, ही रीत त्यानेच पाडली होती. आपण बाहेर गेलो तरी त्याला दिसणार नाही, हे तिला कळत होतं. पाय निघत नव्हते. ती नळीला गाल लावून जेवढं उभं राहवलं तेवढी उभी राहिली.

"जाते," शेवटी ती म्हणाली. "जाते हो मी."

तो थांबला नाही. बाहेरच्या दारापर्यंत तिला ते ऐकू येत होतं.

७

दुसऱ्या दिवशी यंत्रं चालू होती, माणसांची वर्दळ होती, कुणीतरी रेडिओ लावला होता. ती सगळ्यांच्या आधी आली आणि सुपरवायझरला म्हणाली, "मधलं दार उघडू नका. शेड बाहेरून पाडा, छपरापासून."

"का हो?"

"माझं ऐका एवढं."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बरं म्हणाला.

पहिल्या तीन तिने कापल्या. पाचवी नि सहावी गालाला न लावता कापली. मग चौथी हातात घेतली. गोंगाटात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण गालाला कळलं. दोन आखूड. फार हळू, फार थकलेल्या. मधे कितीतरी वेळ जात होता, आणि पुन्हा दोन आखूड.

रात्रभर. तो रात्रभर सांगत होता. ती सुटली, घरी पोचली, हे त्याला कळवणारं कुणी नव्हतं.

तिला भडभडून आलं. कोण बघतंय याची पर्वा न करता तिने नळीला तोंड लावलं. "मी बरी आहे हो," ती म्हणाली. "बाहेर आले. घरी गेले, ताईंनी जेवायला घातलं, झोपलेसुद्धा. मला काही झालं नाही. पुरे करा आता, छाती दुखेल तुमची." आणि तिने एक लांब फुंकर मारली, पोटात होती नव्हती तेवढी सगळी.

तिने नळी गालाला धरली. काहीच आलं नाही. मग एक फुंकर आली. लांबही नव्हती, आखूडही नव्हती, कशाचीच खूण नव्हती. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून बूट काढताना तो हुश्श करायचा, तशी होती. ती हळूहळू बारीक होत गेली आणि संपली.

नंतर तिचा गाल ओलाच राहिला, पण ते पाणी तिचं होतं.

सुपरवायझर कात्री घेऊन शेजारी येऊन उभा राहिला होता. तिच्याकडे न पाहता त्याने हळू आवाजात विचारलं, "वहिनी, ही चालू आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "रिकामी आहे. कापा."